बिघाड गाडीत होता

काकू, डेपोतली मंडळी, आणि आमच्या फाट्यावरून राळेगावला आलेली सगळी माणसं,

ही गर्दी पाहिली असती तर वामनकाका म्हणाले असते, "दारात उभे नका राहू, आत सरका." मला नीट बोलता येईल की नाही, ठाऊक नाही. घरून लिहून आणलं होतं. तो कागद पर्समध्येच राहू दे.

वामनकाका माझ्या नात्यातले नव्हते. ते एसटीचे ड्रायव्हर होते आणि आमची ओळख एका चुकीतून झाली.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळी, पडलेले भाव, आणि दर आठवड्याला कुठल्या तरी गावाहून येणारी, कुणी फास घेतल्याची बातमी. त्या दिवसांत बाईमाणसाला काहीही झालं तरी एकच शब्द होता, टेन्शन. एका सकाळी माझ्या आईचा डावा हात उडायला लागला. थरथर नव्हे. खांद्यापासून पूर्ण हात, कुणीतरी हिसडून फेकावा तसा. गाव म्हणालं, देवी आली. शेजारणी नारळ घेऊन पाया पडायला आल्या. जवळचे डॉक्टर म्हणाले, टेन्शन. आईनं मला एकटीला गाठून विचारलं, "पोरी, मी येडी झाली का वं?"

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी फाट्यावर उभ्या होतो, वेचणीला निघालेल्या. समोरून एसटी आली. आईचा हात उडाला. गाडी कचकन थांबली. हात दाखवला की गाडी थांबवायची, अशीच तेव्हा पद्धत होती. कंडक्टर गजाननभाऊ दारातून ओरडले, "ओ बाई, चढा ना! का नुसता टाटा करून राह्यल्या?"

गजाननभाऊ, मान खाली घालू नका. ती गाडी थांबली म्हणून तर पुढचं सगळं झालं.

"भाऊ, म्या नाई दाखवला," आई म्हणाली. "हातच ऐकून नाई राह्यला माहा."

गाडीत हशा पिकला. काका हसले नाहीत. स्टिअरिंगवरून डावीकडे वाकून बघत राहिले. मग मला म्हणाले, "झोपीतही उडते का हा?"

"नाही. झोपेत अगदी शांत."

"अन् उजवा?"

"उजव्याला काहीच नाही."

"मंग देवी अर्ध्याच अंगात काहून यीन? अन् टेन्शन का एकाच हाताले येते? एकाच चाकाले हिसका बसून राह्यला, म्हणजे बिघाड गाडीत हाय, डायवरात नाई. बसा, यवतमाळच्या दवाखान्यात दाखवा."

आम्ही तशाच बसलो, आईची कापूस वेचायची ओटी कमरेला बांधलेलीच. त्यांनी तिला त्यांच्या मागची खिडकी दिली, हाताला जागा मिळावी म्हणून.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मेंदूची फिल्म उजेडात धरली. म्हणाल्या, मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, सरकीच्या दाण्याएवढी दोन ठिकाणं असतात. सबथॅलॅमिक न्यूक्लियस. नको असलेल्या हालचाली अडवून धरणं, हे त्यांचं काम. आईच्या उजव्या बाजूच्या सरकीचा रक्तपुरवठा तुटला होता, म्हणून डावा हात मोकाट सुटला होता.

काका गाडी स्टँडवर लावून मागोमाग आले होते. दारातूनच म्हणाले, "म्हणजे बिरेक फेल."

डॉक्टरीणबाई हसल्या. "अगदी तेच."

औषधं सुरू झाली. दोन-तीन महिन्यांत हात निवला. पण आई रडली ती पहिल्याच दिवशी, परतीच्या गाडीत. आपण वेडे नाही, हे तिला कळलं होतं. ती समोर पहिल्या रांगेत बसली आहे. बघा, दोन्ही हात मांडीवर.

आता जे सांगायला मी उभी राहिले, ते सांगते.

एवढ्या वर्षांत काकांबद्दल काय काय बोललं गेलं? रिटायर झाल्यावर माणूस गुर्मीत आला, नमस्काराला साधं हसतही नाही. चालताना अडखळले, तर पिऊन आले. अंगठा बोटांवर फिरत राहायचा, तर पानठेल्यावर लोक म्हणायचे, काका हवेतच तंबाखूचा खर्रा घोटून राह्यले. तुम्ही म्हणालात. मीही मनात धरलंच. एका लग्नात समोर येऊन ते हसले नाहीत, म्हणून मी तीन महिने त्यांच्या घरी गेले नाही. मी! जिच्या आईसाठी त्यांनी गाडी थांबवली होती.

शेवटी काकूंनी फोन केला. काका घराच्या उंबऱ्यापाशी उभे होते आणि पाय उचलत नव्हता. मी त्यांना नागपूरला घेऊन गेले. पार्किन्सन. डॉक्टर समजावत होते, मेंदूत एक रस कमी पडतो, मग आत खोलवरचं एक छोटं ठिकाण गरजेपेक्षा जास्त काम करायला लागतं. त्यांनी नाव घेतलं आणि मी दचकले. तीच सरकी.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा तसाच, दगडासारखा. आवाज बारीक झालेला. म्हणाले, "तुह्या मायचा बिरेक फेल, माहा जाम. वर्कशॉप एकच."

ते हसत होते हो! चेहऱ्यावर येत नव्हतं, एवढंच. तीन महिने मी कशाचा राग धरला होता?

त्या ठिकाणी तार बसवायचं ऑपरेशन असतं, हेही डॉक्टरांनी सांगितलं. काका म्हणाले, "ह्या वयात वायरिंग नोको." गोळ्यांवर बरीच वर्षं चालले. गेल्या सोमवारी झोपेत गेले. झोपेत त्यांचा हात शांत असायचा. काकू सांगतात, तसाच होता.

म्हणून आज या सभेत स्पष्ट सांगते. वामनकाका दारू पीत नव्हते. त्यांना गुर्मी नव्हती. त्यांच्याच शब्दांत, बिघाड गाडीत होता, ड्रायव्हरात नाही. उद्या पानठेल्यावर विषय निघाला, तर एवढं सांगा. आणि आपल्या घरी कुणाचा हात, कुणाचा पाय असा वागायला लागला, तर नारळ फोडायच्या आधी दवाखान्याची गाडी पकडा.

आता उभे राहू या. दोन मिनिटं शांत. त्याआधी फोटोकडे बघून, एकदाच, सगळ्यांनी हात दाखवायचा. ते थांबणार नाहीत, हे मला कळतं. पण आरशातून बघतील.

आई, आधी तू. डावा.