निम्म्या भाड्याची गाडी

गाडी भाड्याने घ्यायची म्हटलं की आमच्या ह्यांच्या अंगातच येतं, तुम्हाला सांगते. गणपतीला रत्नागिरीला जायचं होतं. गावी सासूबाई एकट्या, पूजेला बसायला ह्यांच्याशिवाय कोणी नाही. मी रोज म्हणायचे, "अहो, बुक करा." मोबाईलमधून मान वर न करता हे म्हणायचे, "थांब गं, हाटकेश नाक्यावरचा गाडीवाला अजून भाव उतरवतोय." एकाचा टोल वेगळा, दुसऱ्याचा ड्रायव्हरभत्ता वेगळा. ऐकून ऐकून मी दमले.

शेवटी एकदा हे ओरडले, "मिळाली! निम्म्या भाड्यात!"

"कधी निघायचं मग?"

ह्यांनी खालचं बारीक अक्षरातलं वाचलं आणि चेहराच उतरला. "सवलत विसर्जनानंतरची आहे."

मी सासूबाईंना फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि ह्यांनाच सांगायला लावलं.

त्या शांतपणे म्हणाल्या, "बरं बाळा. गणपतीला विचारते, थांबतोस का म्हणून."