अकरा पिंपांचा निकाल

—नाही, खिडकी उघडीच राहू दे. थंडी वाजत असेल तर कोट घाल, पण खिडकी लावायची नाही. अगं, काय फासून आलीस अंगाला? अत्तर! वाईन चाखणाऱ्या बाईच्या घरी अत्तर लावून यायचं म्हणजे—जाऊ दे, वाईनवाल्यांच्या मंडळानं पाठवलंय तुला, आणि मंडळाला कुठं अक्कल आहे. तिकडं बस, टेबलाच्या त्या टोकाला. आणखी लांब. हं. आणि ती मोज्यातली बाटली तिथंच राहू दे. माहीत आहे मला, नवीन काही नाही त्यात. इथं जो येतो तो लेबल झाकायला बाटलीला लोकरी मोजा चढवून आणतो. म्हातारी ओळखते का बघू! पंचाहत्तरी झाली माझी, तरी माकडाचा खेळ काही संपत नाही. पेल्यात ओतून ठेव हवी तर, जरा वारा लागू दे तिला. आधी मानपत्र. वाच. मोठ्यानं वाच, माझा चष्मा कुठं पडलाय कुणास ठाऊक.

‘बर्गंडीच्या मातीची सुगंधी लेक’—शी! कुणी लिहिलं हे? तू? बरं, तू लिहिलंस, पण खोड. सुगंधी म्हणे. ‘वडिलांकडून लाभलेला घ्राणशक्तीचा दैवी वारसा’—खोड, खोड. वडिलांकडून मला काय लाभलं सांगू? एक थोबाडीत. बारा-तेरा वर्षांची होते, बटाटे आणायला तळघरात उतरले, आणि त्या आठवड्यात एक पिंप आंबलं. झालं! आईला विचारलं, पोरीला अडचण होती का? आई म्हणाली, होती. बाईची सावली पडली, वाईनचा शिरका झाला, निकाल लागला. त्या पिंपाचं बूच बाबांनी स्वतः अर्धवट ठोकलं होतं, मी डोळ्यांनी बघितलं होतं. पण बुचाला कोण विचारतो, घरात पोरगी असताना? त्यानंतर महिन्यातले पाच दिवस मी तळघराच्या दारापासूनसुद्धा लांबून जायचे. स्वतःच्याच अंगाची किळस यायला शिकवलं गं त्यांनी मला—आणि मी शिकलेसुद्धा, हुशार होते ना.

‘मंडळानं त्यांना प्रथमपासून बहिणीचा मान दिला’—हे वाचताना हसू नाही आलं तुला? तुझा चेहरा तर दगडासारखा आहे. मंडळाच्या जेवणावळीत बाई जायची ती नवऱ्याच्या दंडाला लोंबकळून. ते लाल-पिवळे झगे घातलेले म्हातारे, गळ्यात वाईन चाखायच्या चांदीच्या वाट्या, गोगलगाई खाऊन मिशीला लोणी लागलेलं, आणि माझ्या गालाचा मुका घ्यायला पुढं! आता तीच वाटी माझ्या गळ्यात घालणार आहेत. घालू देत. मी धुवून घेईन आधी. पुढं वाच.

‘वयाच्या तेविसाव्या वर्षी आर्मांद गोद्री यांच्या तळघरातल्या अकरा पिंपांचा दोष त्यांनी एका श्वासात ओळखला, आणि बारा जाणत्या पुरुषांनी त्यांच्यापुढं मान तुकवली’—हं. हे राहू दे. हे बरोबर आहे. एवढं एक वाक्य नीट लिहिलंयस. पुढं?

‘दलाल बुर्शो यांच्या पेढीत त्यांनी शिक्षण घेतलं’—शिक्षण! ऐक, म्हणजे तुला कळेल शिक्षण कशाला म्हणतात. बुर्शोंकडं मी सतराव्या वर्षी लागले ती पिकदाण्या धुवायला. चाखणारा माणूस वाईन गिळत नाही, थुंकतो, एवढं माहीत असेल तुला. पण त्या थुंकीचं पुढं काय होतं, हा विचार कुणी केलाय कधी? बारा पितळी पिकदाण्या, आत लाकडाचा भुसा, आणि त्यात दुपारपर्यंत बारा तोंडांमधून आलेलं सगळं—वाईन, लाळ, सिगारचे तुकडे, एकाची तर कवळीसुद्धा सापडली होती. त्या पिकदाण्या मी अंगणात नेऊन पालथ्या करायचे. पहिला आठवडा मी स्वतःच ओकत होते. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, की प्रत्येक भांड्याचा वास वेगळा आहे. लाळेच्या, तंबाखूच्या खाली, अगदी तळाशी—इथं चेरी आहे, इथं ओली माती आहे, इथं काहीतरी कुजतंय. जगात कुणी वाईन अशी शिकलं नसेल, उलटीकडून! पुरुष पेल्याला नाक लावून शिकले, मी त्यांच्या थुंकीला नाक लावून. लिहिशील हे मानपत्रात? नाही ना. मग शिक्षण म्हणू नकोस.

एक दिवस बोलून गेले, मॉस्यू, कालची तिसऱ्या नंबरची घेऊ नका, आतून नासतेय. महिन्याभरात नासली ती. त्या दिवशी बुर्शोंनी दार लावून घेतलं आणि मला सांगितलं, की त्यांना वास येत नाही. काहीच येत नाही! चाळीस वर्षं सिगार ओढून नाक मेलं होतं त्यांचं, आणि सगळा जिल्हा त्या मेलेल्या नाकावर चालला होता. मग आमचं ठरलं. मी पाण्याचा जग घेऊन आत यायचं, पेले उचलता उचलता वास घ्यायचा. जगाचा कान त्यांच्याकडं फिरवून ठेवला तर चांगली, भिंतीकडं फिरवला तर वाईट. दोन वर्षं! ते भुवया उंचावून, डोळे मिटून, ‘अं... जरा उदास वाटतेय ही,’ असं म्हणायचे आणि लोक वह्यांत लिहून घ्यायचे. मला ओकारी यायची. पण जग मी बरोबरच ठेवायचे हं. कामात कधी खोटेपणा केला नाही मी.

काय? आर्मांद? तिचं काय? तिचं नाव त्या वाक्यात आहे, तेवढं पुरे.

बरं, सांगते, त्यात लपवण्यासारखं काय आहे. आर्मांद गोद्री विधवा होती. आमच्या भागात स्वतःच्या नावानं वाईन करणारी एकटी बाई—दारावर नवऱ्याचं नाव नव्हतं, तिचं होतं. तिच्या तळघरात बाईनं कुठल्याही दिवशी उतरावं, ती विचारायची नाही. उलट म्हणायची, मला स्वतःला दर महिन्याला येते, मग मी काय पाच दिवस पिंपांना चिठ्ठ्या लिहू? मला थुंकायला तिनं शिकवलं. हसतेस काय, थुंकणं शिकावं लागतं! बाईमाणसानं चारचौघांत थुंकायचं म्हणजे—मी आपली गिळायचे, आणि संध्याकाळी भिंत धरून घरी जायचे. तिनं मला परसात उभं केलं, दहा पावलांवर बादली ठेवली. ओठ आवळ, जीभ मागं, मान ताठ, आणि लाजू नकोस सोलांज, ही घाण नाही, हे काम आहे. तीन रविवार. चौथ्या रविवारी माझी धार बादलीत सरळ पडली. तिनं टाळ्या वाजवल्या. भली बाई होती. हात खरखरीत होते तिचे, जांभळे.

तर एकाहत्तर सालची वाईन. पुढच्या वसंतात तिच्या तळघरात बारा जण जमले, सगळे नाकानं कांदे सोलणारे, आणि बुर्शोंना सर्दी. म्हणजे सर्दीचं निमित्त—म्हणाले, आज माझ्याऐवजी ही पोरगी वास घेईल, गंमत म्हणून. गंमत म्हणून! आर्मांदनं स्वतः नळीनं वाईन काढून माझ्या पेल्यात घातली. डोळा मारला मला. मी नाक घातलं आणि—भिजलेलं कुत्रं. ओला गोणपाट. सडलेली अळंबी. दुसरं पिंप, तेच. अकराच्या अकरा. मी म्हणाले, सडलीय. आणि मग बघायचं होतंस! एकेक जण पेल्यात नाक घालतो आणि—‘अर्थात, अर्थात, मला तर जिन्यातच आला होता वास.’ बाराच्या बारा! त्यातल्या एकालाही काही आलं नव्हतं, शपथेवर सांगते, पण नाक नाही हे कबूल कोण करणार? त्यांना काय येणार वास, येण्यासारखं त्यात काही—

हं. खोकला आला. पाणी दे. त्या जगमधलं.

आर्मांदनं त्यांच्याकडं पाठ फिरवली. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, ‘पुन्हा घे.’ हळू म्हणाली. ‘सोलांज, पुन्हा घे.’ मी नाही घेतली. त्या दिवसांत मला सगळ्याचाच तो वास यायचा—सकाळच्या कॉफीला, ताज्या पावाला, नवऱ्याच्या, गास्तोंच्या शर्टाला, उशीला—हे लिहू नकोस. लेखणी खाली ठेव. माझी लेक एदित होती पोटात, दुसरा महिना. मला कुठं माहीत होतं! —माहीत होतं. अंदाज होता. लपवलं होतं, कारण कळलं असतं तर बुर्शोंनी त्याच दिवशी हाकललं असतं. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, तसं माझं झालं होतं, जगात एक चांगला वास उरला नव्हता. दहा-बारा दिवसांनी कळलं मला ते. सकाळी दुधाला भिजलेल्या कुत्र्याचा वास आला, आणि दूध तर ताजं होतं, समोर काढलेलं. मी ते भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिले.

मग जायचं होतं ना सांगायला? तू तेच विचारतेयस, तोंड मिटून बसलीस तरी ऐकू येतंय. कुणाला सांगू? काय सांगू? बाईच्या पोटात गर्भ होता म्हणून तिला वाईन नासकी लागली? अगं, तेच तर ते पिढ्यान्पिढ्या म्हणत होते! बाईचं अंग आणि वाईन जमत नाही. मी तोंड उघडलं असतं तर पुढची पन्नास वर्षं एकाही पोरीला तळघराची पायरी उतरू दिली नसती. सगळ्या बायकांसाठी मूग गिळून बसले मी—असं मी स्वतःला रोज सांगते. रोज. खोटं आहे ते. स्वतःसाठी बसले. कारण दुसऱ्याच दिवशी बुर्शोंनी पिकदाण्या दुसरीकडं दिल्या आणि मला चाखायच्या खोलीत खुर्ची दिली. माझ्या नावाची. अकरा पिंपं शिरकेवाल्याकडं गेली त्याच आठवड्यात. उन्हाळ्यात आर्मांदनं मळा विकला, कोण घेणार तिची वाईन? मळा घेतला बुर्शोंनीच. ती लेकीकडं गेली, तिकडं उत्तरेला, जिथं लोक बिअर पितात. नंतर मी कधी चुकले नाही. एकदासुद्धा नाही, विचार कुणालाही! लंडनला, टोकियोला, जिथं बोलावलं तिथं. चुकणं परवडणारच नव्हतं, खाली ती एक चूक गाडलेली होती ना. रस्त्यात तिच्या घरावरून जावं लागायचं, तर मी वळसा घ्यायचे. लहानपणी तळघराला घ्यायचे तसा.

बास. आण तो पेला. आण म्हणते, एवढी ओतून ठेवलीस तर—तुझं अत्तर तिकडंच ठेवून हात लांब कर फक्त.

हं.

जुनी आहे. कडेला विटेचा रंग चढलाय. पन्नास वर्षांची तरी. स्वच्छ आहे. शी, किती स्वच्छ आहे ही! सुकलेली चेरी. भिजलेली पानं, पण चांगली, पावसानंतरची. आणि मागं लोखंड—गंजक्या खिळ्यासारखं, जिभेच्या टोकाला. असं लोखंड आमच्याकडं एकाच जागी लागतं, ओढ्याच्या वरच्या अंगाला, दगडी बांधाला लागून. आणि वर्ष आहे... वर्ष...

त्या बांधाला एकाच बाईचा मळा होता.

मोजा काढू नकोस. नको, मी ओळखलंय. कुठून आणलीस? —आजीकडून. कुणाची आजी? तुझं आडनाव तर—हो, बापाचं असणार ते. आई आर्मांदची लेक. म्हणजे त्या अकरांशिवाय एक छोटं पिंप ठेवलं तिनं. शिरकेवाल्याला दिलं नाही. बाटल्यांत भरलं, घेऊन गेली बिअरवाल्यांच्या गावी, आणि—किती राहिल्या आता? ही शेवटची. शेवटची माझ्यापुढं ओतलीस, मूर्ख पोरी?

आणि ते वाक्य. अकरा पिंपांचं. ते तू मुद्दाम लिहिलंस. बाकीचं सगळं भंपक लिहिलंस, ते तेवढं नीट. मी राहू देते की खोडते, ते बघायला आलीस. बघितलंस. राहू दिलं मी.

ती पिकदाणी पुढं सरकवू नकोस. ही मी थुंकणार नाही. आणि मानपत्र दे इकडं—लेखणी पण. चष्मा नसला तरी त्या वाक्यावर रेघ मारता येते मला. खाली लिहायचं ते मी लिहीन, माझ्या हातानं, आणि मंडळापुढं मीच वाचीन, वाटी घालोत नाहीतर न घालोत. तू आता जा. कोट घे. अगं जा म्हणते ना! दार ओढून घे, आणि जिन्यात थांबून ऐकत उभी राहू नकोस.

तिनं सांगितलं होतं ना, पुन्हा घे. घेतेय मी. जा.