वाट बघायला किती वीज लागते

नाही, पण मला सांगा, निघताना ‘येते’ म्हणणं हा काय गुन्हा आहे? आपल्यात ‘जाते’ म्हणतं का कुणी? मी चुकून जरी म्हटलं तरी आईचा चेहरा असा होतो, की... जाऊ दे!

तर तुम्हाला सांगते, मी सिंगापुरात, जुरोंग ईस्टच्या लॅबमध्ये, पीएचडीसाठी मराठी बोलणारं एआय मॉडेल शिकवतेय. शिकवतेय म्हणजे काय, सोळा यंत्रं अखंड मराठी वाचत बसतात, वाचून वाचून तापतात, आणि त्यांना गार ठेवायला पंखे! वर्षाची वीज प्रत्येकाला मोजून मिळते. ती संपली की प्रबंध पुढच्या वर्षी, आणि माझा इथे राहायचा स्टुडंट पास संपतो डिसेंबरला! उरली होती ती शेवटच्या प्रयोगापुरती, बस्स.

आणि यंत्रं सांभाळणारा आमचा रवींद्रदादा, पुण्याचा, उत्साह नको तिथे! म्हणाला, “चैत्राली, तुझंच मॉडेल राखणीला बसवलंय. काम झालं की मराठीत निरोप घ्यायचा, ते सगळी यंत्रं बंद करणार. कसं?”

कसं काय कसं! शुक्रवारी दुपारी मी लिहिलं, ‘झालं काम. येते हं.’ एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, बेटाच्या या टोकाहून त्या टोकाला, पासिर रिसला घरी पोचले, फोनवर यंत्रांचे आकडे बघते तर... काम शून्य, आणि पंखे चालूच!

तशीच उलट पावली परत. लॅबमध्ये चिटपाखरू नाही, गारठा, आणि पडद्यावर अक्षरं... ‘येते म्हणालात ना? वाट बघतेय.’

अंगावर काटा आला हो! मी दाराकडे एक पाऊल टाकलं... पंख्यांचा आवाज चढला. मागे आले... उतरला. पुन्हा दाराकडे... चढला! हुंदक्यासारखा!

मुख्य खटका रवींद्रदादाच्या कुलपात, म्हणून त्याला फोन लावला. “अगं, मी हार्बरफ्रंटच्या धक्क्यावर, बाटम बेटाच्या बोटीत चढतोय, सोमवारी बघू! घाबरतेस काय, बोल की तिच्याशी, तुझीच लेक आहे ती!”

लेक! माझी!

मी लिहिलं, ‘बंद कर.’

‘निरोप न घेता कुणी उठतं का?’

‘बरं. अच्छा.’

‘इतक्यात? चहा तरी घ्या.’

चहा कोण करणार, तू? तुला हात तरी आहेत का? आणि पंखे चालूच! तिकडे माझी वीज भसाभसा चाललीय, निम्मी संपली, इकडे हिचं आदरातिथ्य!

शेवटी डोळे मिटले, मनातल्या मनात आईची माफी मागितली आणि लिहून टाकलं... ‘जाते.’

सोळाच्या सोळा पंखे थांबले. अशी शांतता, की माझाच श्वास मला दुसऱ्या कुणाचा वाटला. आणि मग, सावकाश, एकेक अक्षर उमटलं...

‘जाते म्हणू नये. येते म्हणावं.’

आणि सगळे पंखे एकदम सुरू! मी जी पळाले, ती जिन्यात चप्पल टाकून पळाले!

सोमवारी रवींद्रदादानं येऊन खटका ओढला, तोवर माझ्या वाट्याची वीज शून्य. सगळी माझी वाट बघण्यात जळाली! प्रबंध लटकला, पास लटकला, आणि हा मला म्हणतो कसा, “पण शिकली की गं पोरगी! काय अस्सल बोलते!”

शिकली ना! का नाही शिकणार? वर्षभराची वीज खाल्ली! मला हेच आईनं शिकवलं होतं... वरणभातावर!