द्यायचं तांबं

मंडळी, मला भाषणाची सवय नाही. आरतीला आवाज चढवते, तेवढाच. कुमुदताईंच्या फोटोला हार घालताना मी मधेच थांबले, ते तुम्ही पाहिलंत. दुःखाने थांबले असं वाटलं असेल. दुःख आहेच. भिंतीला भिंत लावून राहिलेली बाई गेली. पण थांबले ते दुःखाने नाही. रागानेही नाही. किळस आली मला. देवाचं नाव घेऊन सांगते, किळस.

फोटोशेजारच्या टेबलावर तांब्याची फुलपात्रं मांडली आहेत ना, त्यांची. आपल्या भजनी मंडळाने ती ताईंच्या स्मरणार्थ घेतली आहेत. ताईंनी पिंपळगावच्या ज्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवला, तिथल्या मुलींना ती उद्या वाटायची आहेत. मला ती जाऊ द्यायची नाहीत. एवढंच सांगायला उभी राहिले.

थांबा, मंदावहिनी. तुम्ही अध्यक्ष आहात. तुम्ही बोललात, आम्ही ऐकलं. आता मला बोलू द्या.

तुम्ही म्हणालात, ताई मनमिळाऊ होत्या. कुठे होत्या? चांगल्या फटकळ होत्या! चहा पाणचट झाला तर पाहुण्याघरीसुद्धा कप खाली ठेवायच्या. निवृत्त झाल्यावर माणसं चारधामला जातात, ताईंनी एक बेट धरलं. सायप्रस. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथून देशोदेशी तांबं जायचं, त्याचा त्यांना ध्यास. मी मॅट्रिक. मला ते बेट कुठल्या समुद्रात आहे तेही ठाऊक नव्हतं. दुपारी माझ्या ओट्यावर वाती वळायला बसलो की ताई सांगायच्या. डोंगरातून खनिज काढायचं, रानंच्या रानं तोडून कोळसा करायचा, भट्ट्या पेटवायच्या. मग तांब्याची लादी ओतायची. कशी? बैलाचं कातडं पसरल्यासारखी, चार कोपरे चार पायांसारखे बाहेर ओढलेले. एकेक लादी खांद्यावर घ्यायची आणि गलबतात चढवायची.

आणि भट्ट्या कुठे? देवळाच्या भिंतीला लागून! त्यांच्या एका देवाची मूर्तीच मुळी तशा लादीवर उभी आहे, हातात भाला घेऊन. हे ऐकून मंदावहिनी, तुम्हीच म्हणाला होतात, "अगंबाई, म्हणजे त्यांचा देव भंगारवालाच की!" आम्ही पोट धरून हसलो. ताईही हसल्या. म्हणाल्या, "भंगारवाला नव्हे हो, राखणदार. का उभा आहे ते नक्की कोणालाच माहीत नाही. पण मला आपलं वाटतं, देव समोर उभा असला की धातूत खोट करायला हात धजत नसेल."

मला ते पटलं. अजून पटतं.

आणखी एक सांगायच्या. बहुतेक त्याच बेटाच्या राजाने – 'बहुतेक' हा शब्द ताई कधी गाळायच्या नाहीत – मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, राजाला मातीच्या पाटीवर निरोप धाडला होता. आमच्याकडे रोगराई आली, तांबं काढणारी माणसं गेली, म्हणून थोडंच पाठवतोय, भाऊ, मनाला लावून घेऊ नकोस. राजा असून! थोडं दिलं, तर थोडं आहे असं तोंडाने सांगितलं.

आणि आपण? आपण भांडीबाजारात जातो. तांब्यापितळेचं काही मागितलं की दुकानदार आधी काय विचारतो? "ताई, वापरायचं का द्यायचं?" वापरायचं वेगळं, द्यायचं वेगळं. द्यायचं म्हणजे कागदासारखं. देवाला द्यायचं, भटजींना द्यायचं, मेलेल्याच्या नावाने द्यायचं. या प्रश्नाची आपल्याला लाजच वाटत नाही. आपण खुशाल सांगतो, "द्यायचंच दाखवा."

गेल्या अधिक महिन्यात आपण मंडळातर्फे दीपदानाला ताम्हनं आणली. द्यायचीच. ताईंनी एक उचललं आणि दोन बोटांनी दुमडलं. पापड दुमडावा तसं. म्हणाल्या, "यात दिवा लावून देवापुढे जाणार तुम्ही?"

तेव्हा कोण काय बोललं, आठवतंय ना? "घेणारे तरी कुठे वापरतात? उद्या त्याच दुकानात परत येणार." असं एकीने म्हटलं. दुसरी म्हणाली, "बाई, तुमचं बेट तिकडे शाळेत. इथे धर्माचं काम चाललंय." धर्माचं! आणि "एकट्या जिवाला काय कळणार वाण आणि दान?" हे कोण बोललं, ते मी सांगत नाही. ती खाली मान घालून बसली आहे.

त्यानंतर ताईंना भजनाचं बोलावणं गेलं नाही. हळदीकुंकवाला त्यांना तसंही कोणी बोलवत नव्हतं. अंथरुणाला खिळल्या तेव्हा या कॉलनीतल्या किती जणी गेलात? आज मात्र सगळ्या डोळ्यांना पदर लावून आलात.

काटकसर मला कोणी शिकवू नये. घरचा आणि मंडळाचा, दोन्ही हिशेब मी ठेवते. साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवणारी बाई आहे मी. पण काटकसर आपल्या ताटात करायची असते. दुसऱ्याच्या ओंजळीत नाही.

मघाशी, हार घालण्याआधी, मी त्यातलं एक फुलपात्र पहिल्यांदाच हातात घेतलं. बाहेरून ताईंचं नाव कोरलंय. आत पाहिलं. पत्रा इतका पातळ, की नाव कोरायची सुई आरपार दाबली गेली आहे. ताईंचं नाव आतल्या बाजूला उलटं उमटलंय. उद्या एखादी पोर त्यातून पाणी पिईल. कडेने ओठ कापेल. ती नाव वाचेल आणि म्हणेल, या बाईंच्या नावाने आम्हाला हे मिळालं. ज्या बाईने तुम्हाला तोंडावर नाही म्हटलं, तिच्याच नावाने!

शाळेला द्यायचं असेल तर एकच द्या. पाण्याचा एक जाड हंडा, वापरायचा. तेवढंही होत नसेल तर काही देऊ नका, आणि होत नाही असं शाळेला स्पष्ट कळवा. त्यात कमीपणा नाही.

आता दोघं जण उठा आणि ती फुलपात्रं पोत्यात भरा. आत्ता. माझ्यासमोर. आवाज होऊ दे, होऊ दे. ऐका कसा वाजतोय तो पत्रा.

मंदावहिनी, तुम्ही उठलात? बसा म्हणणार नाही मी. धरा त्या बाजूने.

झालं टेबल रिकामं? आता सगळे उभे राहा. ताईंसाठी गप्प राहू या. मी सांगेपर्यंत कोणी बसू नका.