अकरा दारांवरची खूण

नाव : साहेबांनी वर लिहून घेतले, गल्लीत मला मशीनवाली आजी म्हणतात. वय : एकाहत्तर, लेकीच्या मते त्र्याहत्तर. धंदा : कपडे उसवणे, शिवणे. राहणार : पाण्याच्या टाकीमागची गल्ली, जिन्याखालची खोली.

मी आरोग्य कचेरीत समक्ष हजर राहून सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही, माझी मी आले आहे. शिक्षण दुसरी. घरी लेक, जावई आणि नात. नात चौदा महिन्यांची. खालचे दोन दात आलेत, माझ्या मशीनचं चाक धरून उभी राहते आणि अशी काही हसते! साहेब म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी म्हटलं, लिहा, पुढे लागेल.

दोन महिन्यांपूर्वी मंगळवारी सकाळी नर्सबाई गोवराची लस द्यायला गल्लीत आल्या. त्याआधी जावयाच्या मोबाईलवर एका बाईचा आवाज आला होता. ती रडत सांगत होती की, लस टोचली आणि तिच्या मुलाची वाचा गेली. कोण बाई, कुठली, कुणी विचारलं नाही. तो आवाज दहा जणींना मीच ऐकवला. नर्सबाई माझ्या पायरीवर तासभर बसल्या. म्हणाल्या, "आजी, माझ्या मुलीलाही हीच दिलीय. घेऊन येऊ तिला? बोलून बोलून तुमचं डोकं खाईल." मी हसले, त्यांच्या बॅगेचा तुटका पट्टा शिवून दिला, पण नातीला काही पुढे केलं नाही. जाताना म्हणाल्या, "गुरुवारी आमची दुसरी माणसं येतील. तोवर विचार करा."

लस दिलेल्या घराच्या दारावर नर्सबाई खडूने गोल काढून आत आकडा घालायच्या. कोपऱ्यावरच्या घराची खूण मी नीट बघून घेतली. बुधवारी दुपारी माझ्या कापड बेतायच्या खडूने तशीच आमच्या दारावर काढली, म्हणजे गुरुवारची कटकट नको. समोरच्या ट्रकवाल्याच्या बायकोने पाहिलं. "आजी, आमच्याही दारावर काढा की एक!" मग काय, बाया बोलवत गेल्या. हात किती सफाईचा, म्हणून कौतुक झालं. मला मजा वाटली, हे खरं आहे. एकूण अकरा दारं. गुरुवारची माणसं खुणा बघून पुढे गेली.

गेल्या महिन्यात गल्लीत गोवर आला. ट्रकवाल्याची धाकटी दीड वर्षाची. अठरा दिवस दवाखान्यात होती. पूर्वी माझं मशीन सुरू झालं की ती दुडुदुडु उंबऱ्यापर्यंत यायची. आता मी मशीन चालवते आणि ती पाठ करून खेळत असते, आवाज तिला पोचतच नाही.

खुणा काढल्या तेव्हा ट्रकवाला बाहेरगावी होता. त्याला वाटतं, नर्सबाईंनी लस न देताच खूण केली. त्याने तक्रार दिली, बाईंना कामावरून थांबवलं. त्याची बायको मला म्हणाली, "आजी, सांगू नका हो." मी नऊ दिवस गप्प बसले. आज तिला सांगूनच निघाले. ती लेकीचे केस विंचरत राहिली. दार तिचं असलं तरी हात माझा होता. जे विचारायचं ते मला विचारा.

पुरावा म्हणून खडू आणला आहे. तो निळा आहे, नर्सबाईंचा पांढरा. शिवाय अकराही दारांवर आकडा तीनच आहे. मला वाटलं, तो खुणेचाच भाग. आत लस दिलेल्या मुलांची संख्या असते, हे मला काल दवाखान्यात कळलं. कोपऱ्यावरच्या घरात मुलं तीन, आमच्याकडे एक.

काल नातीला लस दिली. जरा रडली, मग खिडकीतल्या कबुतराला हाका मारत बसली. तिथून येताना मी दारोदार जाऊन काय केलं ते सांगितलं. चार घरं लगेच तयार झाली. बाकीच्या म्हणतात, नर्सबाई आल्या तर देऊ. त्यांना परत पाठवा. मी सोबत फिरेन, शिव्या मी खाईन.

वरचं सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं, मी बोलले तसंच आहे. मला सही येते, पण अंगठा घ्या. तो दुसऱ्या कुणाला काढता येणार नाही.