यांची झुडपं आणि माझा घसा

...आणि वर मलाच म्हणतात, "तू चिडू नकोस." आता मी नाही चिडणार तर कोण चिडेल, सांगा बरं? तुम्हाला म्हणून सांगते, लेकीच्या बाळंतपणाला गेले आणि परत आले तर अंगणात गुलाब नाहीत. एकही नाही. लाल नाही, पिवळा नाही, कुंपणावर चढवलेला तो पांढरा नाही. सगळे मुळासकट काढून, कुंड्यांत घालून, गल्लीभर वाटून मोकळे. आणि आमचे हे हातात खुरपं घेऊन उभे, गुडघ्यापर्यंत माती, चेहरा असा की जणू घरात लग्न निघालंय.

"अगं, ते गुलाब परके होते."

परके? वीस वर्षं पाणी घातलं मी त्यांना, आणि ते परके?

"तसं नाही गं. त्यांच्यावर इथली एक अळी बसत नाही. अळी नाही तर पाखरं पिल्लांना काय भरवणार? म्हणून ही इथलीच झुडपं लावली, टेकडीवरची."

म्हणजे बघा हं. जन्मभर माणसं अळी पडू नये म्हणून बाग करतात, आमच्याकडे अळी पडावी म्हणून केली. आणि झुडपं तरी कसली, काटेरी काय, चिकट काय, एकाला तर पान सुद्धा नाही, नुसत्या काटक्या. पोस्टमन फाटकात उभा राहून शेजाऱ्यांना विचारत होता, "हे लोक घर सोडून गेले का हो?" माझे गुलाब काय वाईट होते, सांगा.

तर यांचं मी सांगितलंच नाही. यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. जन्मभर त्या खोक्यांना कान लावून बसायचे. नुसत्या खरखरीवरून सांगायचे, आतला कुठला भाग गेलाय ते. दुकान बंद केलं तेव्हा म्हणाले, "आयुष्यभर तारेतून आलेलं ऐकलं, आता तारेशिवायचं ऐकायचंय." मला वाटलं देवळात बिवळात जातील. पण यांच्या डोक्यात पाखरं.

मग काय, वाट बघणं सुरू. खुर्ची टाकून बसायचे, चहा गार व्हायचा. पाखरू काही येईना. झुडपं वाढली, पानांची चाळण झाली, शेजारच्या मास्तरांच्या वाळत घातलेल्या सदऱ्यावर अळी चढली आणि मास्तर तो सदरा काठीवर धरून दारात. "वहिनी, हे आपलं का?" मी शरमेनं अर्धी झाले. आणि आमचे हे पुढे होऊन अळी तळहातावर घेतात, "अरे वा, आली का," म्हणतात, जसा काही जावईच आलाय. मास्तर महिनाभर बोलले नाहीत आमच्याशी. माझे गुलाब काय वाईट होते...

पण पाखरं आली हो. खोटं कशाला बोलू. आधी ते डोक्यावर शेंडी असलेलं आलं, मग शेपटी सारखी उडवणारं काळं-पांढरं, त्याला मी फौजदार म्हणते, कारण ते कुंपणावर बसून सगळ्यांवर ओरडतं. आणि त्या काट्यांच्या झुडपात, जे मी यांच्या पाठीमागे उपटणारच होते, तिथं शेंडीवालीनं घरटं केलं. पिल्लं झाली. हे मला हाताला धरून घेऊन गेले, दबक्या पावलांनी, ओठांवर बोट. फांदी बाजूला केली. आई अळी घेऊन आली आणि पिल्लांनी जो काही गिल्ला केला म्हणता... माझे कान किटले. एवढीशी पोरं आणि केवढा तो आकांत.

आणि हे माझ्या कानाशी लागून हळूच म्हणतात, "किती शहाणी आहेत बघ. एवढी भूक लागलीय, पण आवाज म्हणून करत नाहीत."

...

मी म्हटलं, "हो, शहाणी आहेत." आणि आत येऊन कणीक मळत बसले. कितीतरी वेळ मळत होते.

तरी म्हटलं दाराची बेल यांना का ऐकू येत नाही. मला वाटायचं आळस.

मग कानाचे डॉक्टर. भला माणूस, पण बोलणं असं की पत्र वाचून दाखवतोय. "आजोबा, बारीक, उंच आवाज आधी जातात. भांडं पडलं तर कळेल, मोटार कळेल, आजींचं बोलणं अजून काही दिवस कळेल. पाखरांचं मात्र अवघड आहे." मशीन लावून दिलं. यांनी घरी येऊन काढून ठेवलं. म्हणाले, "स्टेशन लागत नाही गं, नुसती खरखर आहे." आणि खुर्चीत जाऊन बसले, झुडपांकडे तोंड करून. मला मेलीला त्या दिवशी गुलाबांची आठवण सुद्धा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणतात कसे, "तुझा आवाज जाड आहे."

म्हटलं, झालं, आता हेही ऐका.

"म्हणजे मला ऐकू येतो. तो फौजदार काय म्हणतोय, ते तू जाड आवाजात करून दाखव."

आता सांगा, या वयात? दिवसाउजेडी, अंगणात उभं राहून? पण यांनी असं बघितलं माझ्याकडे... केलं मी. आधी शिट्टीसारखं, मग खाली येऊन घोगरं, मग शेवटी जरा रागावल्यासारखं. हे डोळे मिटून बसलेले. "पुन्हा," म्हणाले. पुन्हा केलं. कुंपणापलीकडून मास्तर, "वहिनी, तब्येत बरी आहे ना?" म्हटलं, बरी आहे, फौजदार बोलतोय. मास्तर आत गेले, दार लावून घेतलं.

तेव्हापासून रोज. शेंडीवाली वेगळी, फौजदार वेगळा, पिल्लं वेगळी. लेक फोनवर विचारते, "आई, घसा का बसलाय?" काय सांगू तिला, पिल्लं उडायला शिकतायत म्हणून?

पण डॉक्टर म्हणाले होते ना, काही दिवस. ते काही दिवस संपले. या थंडीत मी एकदा फौजदार केला, अगदी पोटातून केला, आणि यांचा चेहरा तसाच. हलला नाही. मग हसले. म्हणाले, "तू कर. मी बघतो."

म्हणजे आता मी करते आणि हे बघतात. तेवढंच.

आणि परवा, एवढा जीव तोडून केल्यावर म्हणतात, "आज चुकलं."

माझ्या काळजात असं लख्ख झालं. म्हटलं, "ऐकू आलं?"

माझे ओठ बघून म्हणाले, "नाही गं. तो शेवटी मान झटकन वळवतो. तू वळवली नाहीस."

तेव्हा आता सकाळी चहा ठेवला की मान वळवायचा सराव करते. खरं तर मान धरलीय माझी, वळवली की कळ जाते पार खांद्यापर्यंत. यांना तसं सांगणार होते मी. पण सांगून काय, ऐकू येणार आहे थोडंच.