गाडी दारात, साडी गार्ड घरी

आमचं मूळ गाव शेलार, तिथंच जन्मलो आणि अजून तिथंच हाय. बापाची भातशेती होती, ती भावाभावांत वाटून इतकी बारीक झाली की मी शाळा अर्धी सोडून भिवंडीत लूमवर लागलो, आधी सुताच्या कांड्या भरायला, मग जॉबर. जॉबर म्हणजे लूम बिघडला की तो लावून देणारा. त्यामुळं मला एक खोड लागली, कुठलंही मशीन समोर आलं की मी आधी नट हलवून बघतो. घरातले हसतात. हसू देत. काय सांगू तुम्हाला, हसणाऱ्यांची मला कधी किंमतच वाटली न्हाय.

खोडीला कारण हाय. आमच्या पहिल्या शेठनं मोटारीच्या पट्ट्यांवरच्या जाळ्या काढून कोपऱ्यात टाकल्या होत्या, झाडलोट करायला अडतात म्हणे. रामलखन नावाचा कारागीर होता, गळ्यात कायम गमछा. एकदा ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, बघायला वाकला आणि पट्ट्यानं गमछा ओढला. मी मेन स्विच पाडला म्हणून जीव वाचला, पण मान वाकडी झाली ती कायमची, गावी निघून गेला बिचारा. शेठ काय म्हणाला असेल? गमछा क्यूं डालता है गले में! जाळी काढणारा हा आणि गुन्हा गमछ्याचा. असली अक्कल असलेली माणसं गाद्यांवर बसतात, हे मी तेव्हा बघून ठेवलं.

तर आमची सुनी, एकुलती एक पोरगी, पडघ्याला दिली. जावई गोडाऊनमध्ये सुपरवायझर. लग्नाला वर्ष होतंय तोवर त्यानं मोटारसायकल घेतली, शंभर सीसीची, लालभडक. आधी देवळात नेली, मग सुनीला मागं बसवून आमच्याकडं दाखवायला आणली. सगळी आळी गोळा. सुनीच्या आईनं ताट आणलं, हँडलला हार, चाकाखाली लिंबू, माझा चुलतभाऊ नामदेव तर आरशात केस विंचरायला लागला. इतकी माणसं, पण चाकाकडं बघणारा एक न्हाय. मी आपला पाना घेऊन उकिडवा बसलो. पुढचा ब्रेक दाबला तर दांडी थेट मुठीला टेकली. चेन बोटभर हलायला पाहिजे, ती तीन बोटं लोंबत होती. मागच्या चाकाच्या नटाला पिन घातलेली, पण तिची टोकं वाकवलेलीच न्हायत, म्हणजे घातली काय अन् न घातली काय. शोरूममधून अशी गाडी बाहेर पडते, आणि लोक तिच्यापुढं नारळ फोडतात!

ते सगळं मी तिथल्या तिथं नीट केलं. पण डाव्या बाजूला गेलो तर साडी गार्डच न्हाय. चाक उघडं. बाईमाणसाला पाय ठेवायची पट्टीही त्यालाच जोडलेली असते, म्हणजे पोरगी पडघ्यापासून एका अंगाला, पाय लोंबकळत, पदर वाऱ्यावर सोडून, ट्रकांच्या मधून आलेली. मी म्हटलं, जावईबापू, साडी गार्ड कुठं हाय? तो हसला. मामा, ते काढून घरी ठेवलंय, गाडीचा शो जातो.

शो! मी म्हटलं, तुम्ही जेवा, आराम करा, पण सुनी या गाडीवर बसणार न्हाय, तिला मी एसटीनं सोडीन. नामदेव म्हणाला, अरे, जावयाशी असं बोलतात काय. जावई लाल झाला, म्हणाला, शोरूमवाल्याला जास्त कळतं की लूमवाल्याला? मी म्हटलं, शोरूमवाला तुमच्या मागं साडी नेसून बसणार न्हाय. मग काय, त्यानं किक मारली. येईल तर माझ्या गाडीवर येईल, न्हायतर राहू दे इथंच, असं सगळ्यांदेखत बोलून गेला. कोंबडी आणि तांदळाच्या भाकऱ्या तशाच राहिल्या.

सुनी रडली. बाबा, एका जाळीसाठी मला माहेरी बसवलीत. तिचं खोटं न्हाय, गावात दोन दिवसांत झालंच, जावयानं टाकली म्हणून. रात्र रात्र मला झोप न्हाय. एसटीनं पाठवावी तर दारात घेतील का हा घोर. नामदेव मुद्दाम येऊन सांगून गेला, पोचला की तुझा जावई सुखरूप, काय झालं त्याच्या गाडीला? मी म्हटलं, रामलखनपण रोज सुखरूप घरी जात होता.

आठवड्यानं जावई आला. तोंड फुगवून, पण गाडीला साडी गार्ड. विहीणबाईंनी झापलं असणार, स्वतःच्या डोक्यानं तो काही करील असं मला वाटत न्हाय. आळी परत गोळा, सुनीच्या आईनं डोळे पुसले, नामदेव म्हणाला, चला, मिटलं. मी ओट्यावरच बसून राहिलो. या वेळी मी उठणार नव्हतो, उठलो असतो तर परत बिनसलं असतं.

सुनी पिशवी घेऊन आली. गाडीजवळ पिशवी खाली ठेवली, पदर कमरेला खोचला, वाकली आणि दोन्ही हातांनी गार्ड धरून हलवलं. खडखड वाजलं. खालचा नट नुसता बोटानं फिरवलेला. ती मला म्हणाली, बाबा, पाना. जावई पुटपुटला, अगं लोक बघतायत. बघू देत की, असं म्हणून तिनं पिशवी त्याच्या हातात दिली आणि नट स्वतः आवळला. परत हलवून बघितलं आणि मगच बसली.

आता तिला दोन पोरं हायत. हायवेवर कंटेनर वाढलेत, जावयाची अक्कल होती तेवढीच हाय, दर शनिवारी नवं लिंबू-मिरची बांधतो आणि हवा महिनोन्‌महिने बघत न्हाय. पण सुनी गार्ड हलवल्याशिवाय बसत न्हाय आणि तो पिशवी धरून उभा राहतो, एवढं शिकलाय. देव त्याला शंभर वर्षं देवो. आपल्या हुशारीवर न्हाय मिळायची त्याला, माझ्या पोरीच्या हातानं मिळतील.